खाडीच्या काठावर जुळवलेली दुर्बीण

नेरूळच्या घरात जेवणाच्या टेबलावर जुनी रजई अंथरली होती आणि तिच्यावर एअर रायफल आडवी ठेवली होती. शेजारी नवी दुर्बीण, तिला रायफलच्या पाठीवर धरून ठेवणाऱ्या दोन रिंगा, बारीक स्क्रूंची पुडी आणि ते पिळायचा पाना. या दुर्बिणीला क्लबात सगळे स्कोप म्हणतात. तिच्यातून पाहिले की मधोमध एक बारीक काळी फुली दिसते, एक रेघ उभी आणि एक आडवी. जिथे रेघा छेदतात तिथे नेम.

पत्नीने सगळे मांडून ठेवले होते, पण स्क्रूला हात लावला नव्हता.

"दादूस बसवून देणार आहे," ती म्हणाली. "पौर्णिमेला."

"पौर्णिमेला का?"

"उधाण असतं म्हणून."

तिचे उत्तर तेवढ्यावर संपले. दादूस म्हणजे तिचे थोरले भाऊ. तिचे माहेर खाडीकाठच्या गावातले, आणि तिथे भरतीचे कारण दिले की पुढे कोणी विचारत नाही. मी साताऱ्याकडचा, वर्तमानपत्रात नोकरी केलेला. इतक्या वर्षांत मीही विचारणे सोडले आहे.

ती महापालिकेच्या शाळेत चित्रकला शिकवायची. निवृत्तीच्या काही वर्षे आधी शाळेतल्या मुलींना घेऊन ती रबाळ्याच्या नेमबाजी क्लबात गेली. मुलींचा उत्साह लवकरच मावळला. ती मात्र जात राहिली. क्लब म्हणजे एका बंद कारखान्याची लांबलचक शेड. एका टोकाला टेबले, दुसऱ्या टोकाला कागदी लक्ष्ये. काही पंचवीस मीटरवर, काही पन्नास मीटरवर. शेड बंदिस्त असल्याने वाऱ्याचा त्रास नाही. शेजारच्या कारखान्यात पत्रा कापणारे प्रेस मशीन आहे, त्याचा ठोका जमिनीतून टेबलापर्यंत येतो. नवे लोक वैतागतात. जुने लोक दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत चाप ओढतात.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर तिच्या उजव्या डोळ्याला लांबचे लख्ख दिसू लागले, पण नळीच्या टोकावरचे नेम धरायचे कडे धूसर झाले. डॉक्टरांनी डोळा पुन्हा तपासला आणि सांगितले की दोष काही नाही, आत बसवलेली लेन्स एकाच अंतराची असते, एवढेच. पण गुण घसरायचे ते घसरलेच. क्लबात नेमबाजीचा आणखी एक प्रकार चालतो, रायफल वाळूच्या उशीवर टेकवून स्कोपमधून नेम धरण्याचा. त्यात जवळचे कडे बघावे लागत नाही. फुली आणि लक्ष्य एकाच पडद्यावर असल्यासारखी दिसतात. या प्रकारात क्लबांचा एक सामना होणार होता आणि त्यासाठी तिघांचा संघ निवडायचा होता. दोघे ठरले होते. तिसऱ्या जागेची निवड पौर्णिमा आणि त्यानंतरची अमावास्या उलटून गेल्यावरच्या रविवारी होती.

तिने घरात आधीच सांगून ठेवले होते. स्कोप लावूनही जमले नाही, तर डोळा कामातून गेला असे समजायचे, क्लबातल्या लॉकरची किल्ली परत करायची आणि रायफल विकून टाकायची.

"मग रोज उठून मनाला लावून घ्यायचं नाही," ती म्हणाली. "रंगपेटी आहेच."

रंगपेटी तिला निवृत्तीच्या समारंभात मिळाली होती. तिच्यावरचा चकचकीत कागद अजून काढलेला नव्हता.

पौर्णिमेला दुपारी आम्ही तिच्या भावाकडे गेलो. ते तिच्याहून मोठे. वडिलांचे मिठागर होते, ते सरकारने संपादित केले. पुढे हे बांधकामाची कंत्राटे घेऊ लागले. राहत्या घराच्या जागी त्यांनी स्वतः चार मजले बांधले आहेत. खाली दुकाने, मध्ये भाडेकरू, वर ते. गच्चीवरून खाडीचा एक फाटा दिसतो. अलीकडे कांदळवन, मग पाणी, मग पलीकडचा काठ. डावीकडे तो काठ बराच जवळ आहे. उजवीकडे खाडीवरच्या पुलाकडे तो लांब सरकत गेला आहे.

गच्चीवर त्यांनी सगळी तयारी करून ठेवली होती. साइटवरचे जड लाकडी टेबल, जुन्या जीन्सच्या पायांत वाळू भरून शिवलेल्या दोन उशा, आणि गवंडी वापरतात तसली छोटी पाणसळ, म्हणजे नळीत बुडबुडा असलेली पट्टी. रायफल उशांवर ठेवून त्यांनी पाणसळ तिच्या पाठीवर आडवी धरली. बुडबुडा मधोमध आल्यावर उशा दाबून रायफल पक्की केली. मग रिंगा चढवल्या, दुर्बीण त्यांत ठेवली, स्क्रू सैल ठेवले आणि बहिणीला बसायला सांगितले.

"डोले मीट. गाल टेकव. आता उघर."

तिने डोळे उघडले. "कडेनं काळं दिसतंय."

त्यांनी दुर्बीण जराशी पुढे सरकवली. तिने पुन्हा डोळे मिटले आणि उघडले. असे बऱ्याच वेळा झाले. शेवटी चित्र पूर्ण दिसू लागले. डोळ्यापासूनचे अंतर ठरले. उरले होते ते दुर्बीण तिच्या आसाभोवती फिरवून फुली सरळ करणे. रायफल सरळ आणि फुली कलती असेल, तर सगळी मेहनत वाया जाते.

"भावजी, तुमी पेपरवाले," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "जगात सगल्यात लेवल काय, सांगा."

"पाणसळ," मी म्हटले.

"पानसलीत काय असतं?"

"पाणी."

"म एवरं मोठं पानी समोर असताना बोटभर नली कशाला?" त्यांनी खाडीकडे हात केला. "बाबांनी अख्खा आगर पान्यावर लेवल केला. ना टेप, ना यंत्र. भरतीचं पानी आत घेतलं, जिथं जमीन उघरी रायली तिथं खरवरली. मीठ कदी कमीजास्त बसला नाय."

हे खरे होते. गावातले जुने लोक त्यांच्या वडिलांच्या मिठागराबद्दल अजून असेच सांगतात.

भरती काठोकाठ आली होती. ओहोटीला पलीकडे चिखल, दगड, बोटींची लाकडे असे सगळे उघडे पडते आणि पाणी नेमके कुठे संपते ते कळत नाही. पौर्णिमेच्या दुपारी मात्र पाणी थेट खारफुटीला टेकते आणि काठाची एकच स्वच्छ रेघ उरते. पौर्णिमा त्यासाठी हवी होती. त्यांनी दुर्बिणीत डोळा घातला आणि ती दोन बोटांनी हळूहळू फिरवत फुलीची आडवी रेघ काठाच्या रेघेवर आणली. रेघ रेघेवर अशी बसली की एकच दिसावी. मग कारच्या चाकाचे नट आवळतात तसे समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळले. काम सुबक झाले होते. रिंगांच्या दोन्ही बाजूंच्या फटीही सारख्या होत्या.

"बग आता, बाय."

ती बसली. बराच वेळ उठली नाही. भावाशी बोलताना तिची भाषा माहेरची होते, तशी ती झाली. "दादूस, फुली कलल्यासारखी दिसतंय मना."

"डोला नवीन बसवलास ना? सवय होऊं दे त्याला."

"डोला बरा हाय."

"म मान वाकरी धरतंस. लहानपनापासून धरतंस. लग्नाचा फोटो बग तुझा."

लग्नाच्या फोटोत तिची मान डावीकडे कललेली आहे, हे मला मान्य करावे लागले. तीही हसली आणि विषय तिथे संपला. घरी परतताना गाडीत तिने एकदाच विचारले, "डोळ्याला तिरकं दिसायला लागतं का रे, मोतीबिंदूनंतर?" मला ठाऊक नव्हते. तसे मी सांगितले.

रबाळ्याला पहिल्या दिवशी सगळे चांगले झाले. पंचवीस मीटरवर तिने नेम जुळवला आणि नंतरचे छर्रे एकमेकांना खेटून मधल्या ठिपक्यात गेले. क्लबचे व्यवस्थापक हे सैन्यातून निवृत्त झालेले माझ्याच जिल्ह्यातले गृहस्थ. दुर्मिळ प्रसंगीच ते खुर्चीतून उठतात. त्या दिवशी उठले.

"वैनी, आता पन्नासला चला. वरची चकती फिरवा."

पन्नास मीटरवर छर्रा वाटेत जास्त खाली येतो. म्हणून दुर्बिणीच्या वरची चकती फिरवून नेम तेवढा उचलावा लागतो. चकती फिरताना टिकटिक करते, त्या प्रत्येक टिकटिकीला क्लिक म्हणतात. तिने ठरलेले क्लिक दिले, नेम धरला, प्रेसचा ठोका जाऊ दिला आणि चाप ओढला. उंची बरोबर आली. पण सगळी भोके मधल्या ठिपक्याच्या डावीकडे पडली होती. अंतर फार नव्हते, मुगाचा दाणा मध्ये बसेल एवढे. या खेळात तेवढ्या अंतराने माणूस यादीच्या तळाला जातो.

व्यवस्थापकांनी कागद उजेडाकडे धरला. "ग्रुप झ्याक हाय की. सगळे एका घरात. फक्त गाव चुकलंय."

तिने पुन्हा पंचवीसवर मारून पाहिले. मधोमध. पुन्हा पन्नासवर. डावीकडे. दुसऱ्या दिवशी तेच झाले आणि त्यानंतरही तेच. व्यवस्थापकांनी उपाय सुचवला. पन्नासला जाताना बाजूची चकती दोन क्लिक उजवीकडे द्यायची, परत येताना काढायची.

"काम भागंल," ते म्हणाले.

"भागेल," ती म्हणाली. "पण का होतंय ते कळणार नाही."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "वैनी, राग मानू नका. लांबचं एका बाजूला सरकून दिसत आसंल, तर डोळा एकदा दाखवून घ्या."

तिने मान हलवली. घरी आल्यावर किल्ल्यांच्या जुडग्यातून लॉकरची किल्ली सुटी केली आणि फ्रिजवर ठेवली.  पुढे काही दिवस ती किल्ली तिथेच होती. दूध काढताना, भाजी ठेवताना दोघांना दिसत होती. डॉक्टरांची वेळ तिने घेतली नाही. मी एकदा आठवण केली तेव्हा म्हणाली, "डॉक्टर काय सांगतील ते मला माहीत आहे. दोष नाही म्हणतील. आणि भोकं डावीकडेच पडतील."

एका सकाळी ती माळ्यावरून जुनी पिशवी काढून बसली होती. पिशवीत शाळेची सामग्री होती. भिंतीवर मोठी चित्रे काढताना ती ओळंबा वापरायची. दोरीला बांधलेला पितळी गोळा वरून सोडला की दोरी खरी उभी रेघ दाखवते. तो ओळंबा तिने काढला, कार्डशीटची लांब पट्टी काढली आणि मला म्हणाली, "चल. तुला तिथे फक्त दोरी धरायची आहे."

रबाळ्यात तिने पट्टी पंचवीस मीटरवर लावली. मी स्टुलावर उभा राहून ओळंबा सोडला. गोळा स्थिर झाल्यावर तिने दोरीच्या मागोमाग पट्टीवर वरपासून खालपर्यंत पेन्सिलने रेघ ओढली आणि तळाशी रेघेवरच एक काळा ठिपका काढला. मग ती टेबलाशी गेली. रायफलवर पाणसळ ठेवून बुडबुडा मधोमध आणला आणि खालच्या ठिपक्यावर नेम धरून छर्रा सोडला. मग वरच्या चकतीचे बरेच क्लिक देऊन पुन्हा त्याच ठिपक्यावर नेम. पुन्हा क्लिक, पुन्हा तोच ठिपका. प्रत्येक वेळी छर्रा आधीपेक्षा वर लागत गेला. व्यवस्थापक मागे येऊन उभे राहिले होते.

पट्टी उतरवून तिने टेबलावर पसरली. पहिले भोक ठिपक्यात होते. दुसरे रेघेला चाटून डावीकडे. तिसरे आणखी थोडे डावीकडे. सर्वात वरचे भोक रेघेपासून बोटाच्या रुंदीएवढे लांब होते. मोजपट्टी लावून पाहिली असती तर सगळी भोके एका सरळ ओळीत आली असती. फक्त ती ओळ उभी नव्हती, कलती होती.

"हे डोळ्याचं नाही," ती म्हणाली. "डोळा सगळा वेळ एकाच ठिपक्याकडे बघत होता. तो काय मध्येच सरकणार आहे?"

व्यवस्थापकांनी वाकून पट्टी पाहिली. "स्कोप फिरलाय वैनी. जरासाच. सोपं काम हाय, इथंच ढिला करू आन् दोरीवर लावू."

तिने स्क्रूंकडे पाहिले आणि पाना पिशवीत ठेवला. "नको. ज्यानं बसवलाय त्यानंच काढला पाहिजे."

अमावास्येला पुन्हा उधाण होते. ती तीच दुपार निवडणार हे मला आता न विचारता कळले. भावाला तिने फोनवर एवढेच सांगितले की दुर्बिणीचे थोडे काम आहे. आम्ही गच्चीवर पोहोचलो तेव्हा टेबल, उशा आणि पाणसळ पहिल्या वेळेसारखीच मांडलेली होती. पाणीही तसेच खारफुटीला टेकले होते.

त्यांनी रायफल उशांवर ठेवली, बुडबुडा मधोमध आणला आणि दुर्बिणीत पाहिले. "हाय तशीच हाय. रेघ रेघेवर. म काय बिघरलं?"

"थांब." तिने गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या लोखंडी स्टँडवरून ओळंबा सोडला. खाडीवरून वारा येत होता आणि दोरी हलत होती. तिने बादलीभर पाणी आणून गोळा त्यात बुडवला. दोरी हळूहळू शांत झाली. मग तिने स्कोपची ताकद कमी केली, म्हणजे जवळची दोरीही दिसावी, आणि रायफल जराशी फिरवली. "आता बग. काठ पन दिसतंय, दोरी पन दिसतंय."

ते बसले. सुरुवातीला तोंडावर हसू होते. मग ते गेले. त्यांनी डोळा बाजूला घेतला, नुसत्या डोळ्यांनी खाडीकडे पाहिले, पुन्हा डोळा लावला. आयुष्य भिंती, चौकटी आणि खांब तपासण्यात गेलेले. त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

"गुन्यात नाय," ते म्हणाले.

गुण्या म्हणजे काटकोन तपासायचे लोखंडी हत्यार. दोरी आणि काठ यांच्यात काटकोन होत नव्हता, असे ते सांगत होते. आडवी रेघ काठावर अचूक होती, पण उभी रेघ दोरीला सोडून डावीकडे कलत होती.

"दोरी खोटी नाय," ते स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले. मग बहिणीकडे पाहून, "मंजे पानी वाकरा?"

"पानी सरल हाय, दादूस."

"म?"

तिने गच्चीच्या कोपऱ्यातला विटेचा तुकडा उचलला आणि कोब्यावर चित्र काढायला बसली. निवृत्तीनंतर तिला असे बसलेले मी प्रथमच पाहत होतो. आधी एक आडवी रेघ, क्षितिजाची. मग खाली खाडी. डावीकडे काठ जवळ, उजवीकडे लांब. "तो काठ आपल्यासमोर आरवा नाय. पुलाकरे जाता जाता लांब जातंय. जे लांब जातंय ते चित्रात वर चरतं. रस्ता काढताना नाय का, दोन्ही बाजू वर जाऊन मिलतात? सहावीच्या पोरी काढतात हे."

त्यांनी चित्र पाहिले, मग खाडी. "मी पानी बगत होतो."

"तू काठ बगत होतास."

"बाबा पन असंच बगायचे."

"बाबा आगरात उभे रायचे. पानी पायाशी असायचं. चार माले चरून नाय बगायचे."

ते कठड्याशी जाऊन उभे राहिले. खाली रस्त्यावर कोणीतरी त्यांना हाक मारली, त्यांनी नुसता हात वर केला. मीठ पिकवणाऱ्या घरातला माणूस पाण्याच्या बाबतीत चुकला, ही गोष्ट त्यांच्यापुरती लहान नव्हती. पत्नीला ते माहीत होते. म्हणूनच तिने रबाळ्यात स्क्रूला हात लावू दिला नव्हता. नाहीतर ही चूक त्यांना दुसऱ्या कोणाकडून कळली असती.

थोड्या वेळाने ते परत आले. "किती दिवस डोल्याला शिव्या घालत होतीस?"

"तूच घालत होतास."

"आन् मान?"

"मान वाकरीच हाय माझी."

ते हसले नाहीत, पण हात पुढे केला. "पाना दे."

स्क्रू सैल झाले. या वेळी डोळा तिचा आणि हात त्यांचे होते. तिने दोरीवर नजर ठेवली आणि ते दुर्बीण केसाकेसाने फिरवत गेले.

"थोडं. आजून. आजून थोडं. जास्त झालं, मागं घे. हां. बस."

उभी रेघ दोरीवर बसली. त्यांनी समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, एकावर जोर न देता आवळले. निम्मे आवळून झाल्यावर तिला पुन्हा बघायला लावले, कारण आवळताना दुर्बीण पिळासोबत फिरते. ती खरेच थोडी फिरली होती. त्यांनी सैल करून पुन्हा केले. दुसऱ्या खेपेला रेघ दोरीवरून हलली नाही. मग त्यांनी पाणसळ शेवटची एकदा ठेवून बुडबुडा पाहिला, स्वतः दुर्बिणीत डोळा घातला आणि बराच वेळ काढला नाही. ते दोरी पाहत होते की काठ, हे मी विचारले नाही.

रबाळ्यात तिने नवी पट्टी लावली. मी पुन्हा स्टुलावर. या वेळी भोके पेन्सिलच्या रेघेवरून वर चढत गेली, शिडीच्या पायऱ्यांसारखी. पन्नास मीटरवर छर्रे ठिपक्यात जाऊ लागले. व्यवस्थापकांनी कागद पाहून मान डोलावली आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. किल्ली मात्र फ्रिजवरच राहिली. ती म्हणाली, रविवार होऊ दे.

रविवारी तिचे भाऊ आले. क्लबात ते पहिल्यांदाच येत होते. इस्त्रीचा शर्ट, पायात साइटवरचे बूट. जाळीमागच्या बाकावर ते माझ्याशेजारी बसले आणि छताच्या तुळया, खांब, पत्र्याचे जोड यांवरून नजर फिरवू लागले. "शेड बरी हाय," ते म्हणाले. "पन पन्हल गललंय."

तिसऱ्या जागेसाठी चौघे होते. आधी पंचवीस मीटर, मग पन्नास, मध्ये चाचणीचे छर्रे नाहीत. पत्नी तिसऱ्या टेबलावर होती. शिट्टी झाली आणि बाकीचे सुरू झाले. ती मात्र गाल टेकवून तशीच थांबली. बराच वेळ थांबली. मला कारण कळेना. मग लक्षात आले. रविवार असल्याने शेजारचा कारखाना बंद होता. ती प्रेसच्या ठोक्याची वाट पाहत होती आणि ठोका येत नव्हता.

"काय झालं? झोपली का काय?" भाऊ कुजबुजले.

तिने डोके वर केले, शेडमध्ये एकदा पाहिले आणि परत गाल टेकवला. पहिला छर्रा ठिपक्याच्या कडेला गेला, दुसराही. शांततेची सवय व्हायला वेळ लागला. त्यानंतर मात्र ती स्थिर झाली. पंचवीसचा कागद संपला, तिने वरची चकती फिरवली. आम्हाला बाकावर क्लिक ऐकू आले. भावाने माझा गुडघा पकडला आणि पन्नासचे सगळे छर्रे होईपर्यंत सोडला नाही.

निकाल व्यवस्थापकांनी उभे राहून वाचला. पत्नी दुसरी आली. संघातली तिसरी जागा पहिल्या आलेल्या बँकेतल्या एका बाईंना मिळाली, पत्नी राखीव. दोघींमधला फरक पंचवीस मीटरवरच्या त्या सुरुवातीच्या दोन छर्ऱ्यांएवढा होता. पन्नास मीटरवर चौघांत तिचा कागद सर्वात चांगला होता.

भाऊ उठून जाळीपाशी गेले. "राखीव मंजे? खेलवनार का नाय?"

"एखादा आजारी पडला तर," ती म्हणाली.

"पारतील. पावसाल्याचे दिवस हायत," ते म्हणाले आणि मग तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहून थांबले. "बाय, तुला वाईट वाटलं का?"

"डोळा चांगला आहे, दादूस." ती आता घरी माझ्याशी बोलते ती भाषा बोलत होती. "पन्नासचा कागद बघ."

त्यांनी कागद घेतला. भोके मधल्या ठिपक्यात एकमेकांवर पडली होती. किती छर्रे गेले हे मोजता येत नव्हते, एकच मोठे भोक झाले होते. तो घेऊन ते व्यवस्थापकांकडे गेले आणि त्यांच्यासमोर धरला.

"फौजी, हे बगा. गावात हाय का नाय?"

चुकलेल्या गावाची गोष्ट त्यांच्यापर्यंत कशी पोहोचली ते मला माहीत नाही. मी सांगितली नव्हती.

"गावात हाय," व्यवस्थापक म्हणाले. "पार देवळापुढं."

परतताना भाऊ मागच्या सीटवर बसले होते. नेरूळला उतरण्याआधी ते म्हणाले, "तो ओलंबा मना दे चार दिवस. आमची गच्चीची भिंत एकदा बगतो." तिने पिशवीतून काढून दिला. त्यांनी दोरी गोळ्याभोवती नीट गुंडाळली आणि खिशात ठेवला.

घरी आल्यावर तिने फ्रिजवरची किल्ली घेतली आणि जुडग्यात अडकवली. कडे ताठ होते, नखाने उघडेना, म्हणून तिने ते माझ्याकडे दिले. मी चमच्याच्या दांड्याने उघडले. तिने किल्ली आत सरकवली आणि म्हणाली, "उद्यापासून प्रेस पुन्हा चालू होईल. मी आता कारखान्याच्या दुपारच्या सुट्टीत जाणार आहे. ठोके बंद असतात तेव्हा. शांततेचीही सवय हवी."